पेट्या त्याला, दिवे मला

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुमच्याशी सरळ बोलायची सवय मला नव्हती आणि माझ्याशी बोलायची तुम्हाला नव्हती, त्यामुळे कुठून सुरू करावं ते कळत नाही. आपल्या दोघांच्या मधे नेहमी आई असायची. "त्याला म्हणावं, जेवून घे." "त्यांना सांग, आज माझी सेकंड शिफ्ट आहे." पेणच्या त्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलेले, मी दारात उभा, दोघांत चार हातांचं अंतर, आणि तरी निरोप जायचा तो आईच्या तोंडून. शेवटची तीन वर्षं तर फक्त असंच चाललं. एकदा भाकरी थापता थापता ती वैतागली. म्हणाली, "मी काय तुमच्या दोघांमधला ट्रान्सफॉर्मर हाय? मी पण जळंन एक दिवस, मग बसा एकमेकांची तोंडं बघत." मला हसू आलं होतं. तुम्ही हसला नाहीत, म्हणून मीही गिळलं.

तुम्ही बनवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आहे. रोह्याच्या कंपनीत कायम झालो, मग रोह्याजवळच वरसे गावात घर घेतलं, आईला इकडे आणलं, आणि तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. सकाळी आंघोळ झाली की मी देवापुढे निरांजन लावतो आणि मग याचं बटण दाबतो. आपल्या घरात व्हॉल्व्हला दिवेच म्हणायचे, तेच अजून चालू आहे. ते तांबूस होईपर्यंत मिनिटभर थांबावं लागतं. तेवढ्यात माझं नाम घेऊन होतं. रोज तुमचाच दिवा लावतो, अण्णा, आणि रोज थोडा राग येतो. देवासमोर राग धरू नये हे मला कळतं. कळून येतोच.

तुमचं दुकान म्हणजे आपल्या घराची पडवी. पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांतले रेडिओ तुमच्याकडे यायचे, रंगाचे थर चढलेले, बटणांत शाडू अडकलेला. कारागीर दिवसभर ऐकत काम करायचे, रेडिओ बंद पडला की त्यांचा हात चालायचा नाही. त्याच जुन्या रेडिओंमधून काढलेल्या सामानातून तुम्ही घरासाठी हा ॲम्प्लिफायर उभा केलात. तीन वॅटचा. आताच्या पोरांना तीन वॅट सांगितले तर हसतात. पण तुम्ही त्याला जोडल्या होत्या त्या बंद पडलेल्या टॉकीजमधून आणलेल्या दोन पेट्या. कमरेएवढ्या उंच, आत मोठा कागदी कोन, पोह्याच्या पापडासारखा हलका. तीन वॅटमध्ये त्या पेट्या अख्खं घर भरून टाकायच्या, आणि गंमत म्हणजे शेजारच्या खोलीत बोलणारा माणूस आवाज चढवायचा नाही. आवाज मोठा नव्हता, पुरता होता.

हे कसं होतं ते तुम्ही समजावून सांगायचात, पण मला नाही. तुमच्या उजव्या हाताला बसायचा तो तुमचा शागीर्द, खाडीकाठच्या गावातला, मुसलमान घरातला, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. मी शिफ्टवरून आलो की बाकड्यावर बसून चहा प्यायचो. तुम्ही त्याला सांगत होतात आणि मी उचलत होतो. "ताकद कमी हाय म्हणून रडायचं नाय. तीन वॅट म्हणजे बाळंतिणीचं बोट. बोटानं हलंल असा पाळणा बघ. पाण्यानं भरलेलं पिंप बोटानं हलवायला जाशील तर बोट मोडंल." असं म्हणून तुम्ही कोनाला नखानं हलकेच टिचकी मारायचात. तो कान लावायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, डावी पेटी जरा नाकात बोलते." तुम्ही खूश व्हायचात. खरंच ती नाकात बोलत होती. ते मलाही ऐकू आलं होतं, त्याच्या आधी आलं होतं. मी बोललो नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

कंपनीतली माझी पहिली दिवाळी. मी मुंबईला जाऊन तुमच्यासाठी नव्या स्पीकरची जोडी आणली. काळ्या, चकचकीत, हातभर उंचीच्या, आणि वजनाला अशा की एसटीतून उतरताना कंडक्टरनं विचारलं, "काय दगड नेताय काय?" तुम्ही खोकं उघडलंत, एक उचलून पाहिला, खाली ठेवलात आणि आईकडे बघून म्हणालात, "जड हाय." एवढंच. मला वाटलं कौतुक केलंत. मग तुम्ही कारखान्यात कुणाचा तरी रेडिओ द्यायला गेलात आणि मी ठरवलं की तुम्ही परत याल तेव्हा नव्या पेट्या वाजत असतील.

त्या वेळी मामाची टेप लागली होती. गागोद्याच्या सप्ताहात आईचा भाऊ भजनाला उभा राहायचा, ते तुम्हीच टेप केलेलं. तो जाऊन वर्ष झालं नव्हतं. आई आत तांदूळ निवडत ऐकत होती. तुमचा नियम मला पाठ होता. दिवे विझून गार झाल्याशिवाय स्पीकरची तार काढायची नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्पीकरचं ओझं लागतं, ते काढून घेतलं की आतल्या ट्रान्सफॉर्मरवर सगळं उलटतं. पण आईच्या घरचाही एक नियम होता, आणि तो मला तुमच्या नियमाच्या आधीपासून पाठ होता. भजन मधे तोडायचं नाही. मामा शेवटच्या कडव्यावर आला होता, टाळ चढले होते, आणि मी त्या माणसाचा आवाज बटण दाबून बंद करू शकलो नाही. मनात म्हटलं, एक तार काढतो, दुसरी लावतो, दोन श्वासांचं काम. नव्या पेटीचं भोक बारीक होतं. तुमच्या जाड तारेचं टोक त्यात जाईना. मी ते पिळत बसलो आणि आतून चट्ट आवाज आला, मग वास. तो वास तुम्ही पायरीवरूनच ओळखलात.

तो ट्रान्सफॉर्मर तुम्ही हातानं गुंडाळला होता, तारेचा एक थर, कागदाचा एक थर, दोन महिने. मला माहीत होतं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. शागीर्द मागोमाग आला होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती. तुम्ही झाकण काढलंत, पाहिलंत, आणि आत आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "तुझ्या मुलाला वस्तू दिसते, आवाज ऐकू येत नाय. यापुढं त्याचा हात याला लागायला नको." गिऱ्हाइकांतला एक उगाच हसला.

तुम्ही विचारलं असतंत की बंद का नाही केलास, तर मी सांगितलं असतं. विचारलं नाहीत. मीही आपणहून सांगितलं नाही, तेवढा ताठा माझ्यातही होता. पण मी पंचवीस वर्षांचा होतो आणि तुम्ही बाप होतात. माझ्या नव्या पेट्या तुम्ही परत कर म्हणाला नाहीत, कोपऱ्यात ठेवून दिल्यात. त्यातल्या एकीवर पुढे तीन वर्षं तुम्ही चहाचा कप ठेवत होतात. मी येता-जाता तो कप बघायचो.

नवा ट्रान्सफॉर्मर तुम्ही शागीर्दाला हाताशी घेऊन गुंडाळलात. जुन्यातून दोन प्रकारच्या स्पीकरसाठी तारा बाहेर काढलेल्या होत्या, आठ ओहमची वेगळी आणि सोळाची वेगळी. या वेळी तुम्ही फक्त सोळाची काढलीत. टॉकीजच्या पेट्या सोळाच्या. बाजारात मिळतं ते बहुतेक सगळं आठचं किंवा चारचं. तार कमी पडली म्हणून असेल, हात थकला म्हणून असेल. मला मात्र कायम वाटत आलं की तुम्ही दार मुद्दाम बंद केलंत. आणि मग आजारी पडलात. एका दिवशी मी फर्स्ट शिफ्ट करून आलो तर समोरच्या खोलीत लादीवर दोन चौकोन होते, बाकीच्या लादीपेक्षा पांढरे. टेम्पो दुपारीच येऊन गेला होता. आई म्हणाली, "पेट्या त्याला दिल्या. दिव्यांचं मशीन तुला ठेवलंय म्हणतात." तुम्ही आत खाटेवर जागे होतात. मी आत आलो नाही. दहा-बारा दिवसांनी तुम्ही गेलात.

पेट्या त्याला आणि दिवे मला. अशी वाटणी कोण करतं, अण्णा? एखाद्याला सतार द्यावी आणि तारा शेजारच्या गावात ठेवाव्यात, तसं. काहीच दिलं नसतंत तर मी ते विसरून गेलो असतो.

विसरता आलं नाही म्हणून शिकलो. आधी त्या काळ्या पेट्याच लावल्या. मामाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा आला, आणि मोठा केला की फाटला. त्या दिवशी पाळण्याचं आणि पिंपाचं बोलणं खऱ्या अर्थानं समजलं. मग जुन्या रेडिओग्रामचे स्पीकर शोधले, भंगारवाल्यांकडे फिरलो, खांब गावात हायवेवर एका गॅरेजवाल्याकडे पडलेले दोन मोठे कागदी कोन मिळाले. स्पीकरच्या मागे ओहम लिहिलेले असतात तेवढे बघून भागत नाही. एका वॅटवर, मीटरभर लांबून तो किती मोठ्यानं बोलतो तो आकडा बघायचा, हे मी कंपनीतल्या इन्स्ट्रुमेंट खात्यातल्या एकाकडून शिकलो. आठ-आठ ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडले की सोळा होतात, हे स्वतः डोकं लावून काढलं. तुम्ही बंद केलेलं दार मी तसं उघडलं. फणसाच्या फळ्यांच्या पेट्या केल्या, तीनदा मोडल्या, चौथ्यांदा जमल्या. बऱ्या वाजतात. टाळ स्वच्छ येतात. पण मामा गाताना मधेच दम घ्यायचा, तुमच्या पेट्यांवर तो श्वास ऐकू यायचा. माझ्या पेट्यांवर येत नाही.

आता लोक माझ्याकडे येतात. अलीकडे पुन्हा व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर घ्यायची हौस निघाली आहे, आणि पेट्या कोणत्या लावायच्या ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. पेणच्या एका डॉक्टरांनी मागच्या वर्षी बोलावलं. आठ वॅटचा बाहेरून मागवलेला, आणि त्याला जोडलेल्या माणसाएवढ्या उंच, सडपातळ, जडशीळ पेट्या. म्हणाले, "आवाज वाढवला की फाटतो हो. मशीन खराब दिलंय." त्यांच्या पत्नी पोहे घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं यांना, नुसते दिवे बघून भुलू नका. लग्नात पण असंच केलं यांनी." डॉक्टर म्हणाले, "तू जरा आत जा." मी त्यांना बाळंतिणीचं बोट सांगितलं, पाळणा सांगितला, पिंप सांगितलं. पेट्या बदलल्यावर ते डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "किती नेमकं सांगितलंत. कुणाकडे शिकलात?" मी म्हटलं, कुणाकडे नाही. तुमचेच शब्द होते, अगदी स्वल्पविरामासकट. पण मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

आईला आता अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. कान गेली दोन वर्षं हळूहळू चाललेत. कानाचे डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, मशीन लावा. ती लावत नाही, म्हणते त्यात सगळे पत्र्यावर बोलल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यात एक दिवस मामाचं भजन चालू असताना ती खुर्ची सरकवत सरकवत माझ्या पेटीला गुडघे टेकेपर्यंत आली. म्हणाली, "बाबू, ह्याच्यात तो दम घेत नाय रे. तुझ्या अण्णांच्या पेटीत घ्यायचा." मग पेटीवर हात ठेवून म्हणाली, "एकदा त्या पेट्यांवर ऐकव मला. कान हायत तवर. मग नाय मागायची." आयुष्यात तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेलं हे बहुधा पहिलंच.

शागीर्द इतकी वर्षं आखातात होता. नुकताच कायमचा परत आला होता, त्याचा नंबर आईनंच कुणाकडून तरी मिळवला. वाजत असतील तर टेम्पोत घालून आणतो असं आईला सांगितलं, टेपरेकॉर्डर पिशवीत घातला, ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि मिनीडोर रिक्षानं त्याच्या गावी गेलो. शेजारी बसलेली कोळीण म्हणाली, "काय रं, बाळ हाय काय त्याच्यात? जीव लावून धरलंयस." मी म्हटलं, बाळाचा बाप आहे. तिला काही कळलं नसणार, पण हसली.

तो दारातच उभा होता. दाढी पांढरी झालेली. "भाऊ, ये. उस्तादांचा चेहरा घेतलायस तू." बायकोनं सांदणं आणि चहा आणला. पेट्या माजघरात चादरीखाली होत्या. दर सुट्टीत येऊन तो त्या पुसत होता, कोनाला पाखरू लागू नये म्हणून मागे जाळी मारली होती. मी तार जोडली, मग बटण दाबलं, दिवे तांबूस झाले. मामा गायला लागला. दुसऱ्याच ओळीला त्यानं दम घेतला. माजघरात, त्या परक्या घरात, मेलेल्या माणसाचा श्वास इतका जवळ आला की शागीर्दाच्या बायकोनं डोक्यावरचा पदर नीट केला. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र राग आला. वाटलं, वीस वर्षं फणस कापत बसलो, आणि हे इथं चादरीखाली होतं.

भजन संपल्यावर मी विचारलं, "त्यांनी तुला का दिल्या?"

"सोड ना आता."

"सांग."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आजारी माणूस, भाऊ. रागात व्हते. म्हणाले, दोन्ही त्याच्या हातात दिलं तर परत जाळील. मशीन ठेव म्हणाले त्याला, पोटचा हाय. पेट्या तू ने, तुला कान हाय." पुढे म्हणाला, "मी तवाच सांगणार व्हतो तुला. माझी हिंमत नाय झाली. तू घेऊन जा. टेम्पो मीच बघतो, आजच. खाला बसून ऐकंल." खाला म्हणजे आई. तो तिला पहिल्यापासून खालाच म्हणतो.

मी म्हटलं, "घरात जागा नाही."

"भाऊ."

"राहू देत. तुला दिल्यात त्यांनी."

दिवे गार होईपर्यंत थांबलो, मग तार काढली. येताना सगळ्या रस्त्यानं मनात एकच, की त्या दिवशी भजन का तोडलं नाही हे मी त्याला तरी सांगायला हवं होतं. तेही सांगितलं नाही. आई ओट्यावर वाट बघत बसली होती. नवी साडी नेसली होती, पाहुणे यायचे असल्यासारखी. मागे टेम्पो नाही हे तिनं पाहिलं. "काय झालं?" मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "वाळवी लागली, आई. कोन खाल्ले. काही राहिलं नाही." तिनं थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लाकूडच ते. आणि तो? तो बरा हाय ना? त्याला म्हणावं, वाईट वाटून घेऊ नको." उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाली, "तुझ्याच चांगल्या वाजतात रे."

मी देवाला रोज सांगतो की मला क्षमा कर, आणि नेमकं कशाची ते सांगत नाही. मला तुमच्याशी भांडायचं होतं आणि तुम्ही मिळत नव्हतात, म्हणून मी तिचं ऐकणं अडवलं. त्याला फोन करायला एक मिनिट लागलं असतं. दर रविवारी ठरवायचो, पुढच्या रविवारी करू. चार महिने गेले. तुम्हीही असंच करत होतात का, खाटेवर पडून, मी दारातून परत फिरलो तेव्हा? तसं असेल तर तुमचं हे तरी माझ्याकडे आलं म्हणायचं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तुमच्या फोटोसमोर वाचायचं मनात होतं, पण आई त्याच खोलीत असते. तिच्यासमोर वाचलं तरी चालेल आता. आज सकाळी मी दिवे लावले, मामाचं भजन लावलं आणि अंगणात तुळशीला पाणी घालायला गेलो. परत आलो तर ती पेटीला गुडघे लावून नेहमीसारखी बसली होती, आणि मला बघून म्हणाली, "आज भजन नाय लावलंस, बाबू?"

ते चालू होतं. चांगलं मोठ्यानं चालू होतं. मी म्हणालो, "लावतो."